मी ‘लाइट’ नाही

३ तारीख, सकाळ
छोटं विमान शिकायला लागून महिना झाला. आज टॉवरमध्ये नवी बाई. रेडिओवरचा आवाज लगेच ओळखला. शाळेतली मॉनिटर! बडबड करणाऱ्यांत रोज माझं नाव फळ्यावर लिहायची. आज म्हणते, “पुढे हेवी जेट गेलंय. तुम्ही लाइट. थांबा.”
मी लाइट! सूड घेणार.

३, संध्याकाळ
यांना सांगितलं. हे म्हणाले, “अगं, विमानाला म्हणाली ती. तुला बघून कोण लाइट म्हणेल?”
यांचाही सूड घेणार. नंतर.

७ तारीख
आज पुन्हा थांबवलं. खाली उतरल्यावर सरांनी समजावलं. मोठं जेट उडालं की पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे मागे सुटतात. दिसत नाहीत. हळूहळू खाली बसतात. आमच्यासारख्या चिमुकल्या विमानाला उलटंपालटं करतात. वारा पडलेला असला तर तिथेच रेंगाळतात. म्हणून थांबायचं. शिवाय जेटने जिथे जमीन सोडली, त्याच्या अलीकडेच आपण सोडायची.
सगळं पाठ केलं. तिला तोंडघशी पाडायचं तर अभ्यास हवाच.

१५ तारीख
शनिवारी लायसन्सची परीक्षा. युक्ती सुचली! रनवेच्या टोकाला जायचंच नाही. मधल्या फाट्यावरूनच रनवेवर शिरून सुटायचं, म्हणजे थांबणं नको. मॉनिटर बघत बसेल.

१८, शनिवार
परीक्षक शेजारी. समोरून जेट उडालं. मी ऐटीत फाटा मागितला. मॉनिटर म्हणाली, “मधून निघालात तर जास्त थांबावं लागेल.”
परीक्षकांनी विचारलं, का बरं?
उत्तर अगदी जिभेवर होतं. मधून निघालं की जेटने जमीन सोडली तिथेच आपणही वर येतो, थेट भोवऱ्यांत.
तोंडातून निघालं, “कारण ती मेली खुनशी आहे.”
नापास.

१८, दुपार
मॉनिटरला कॅन्टीनमध्ये गाठलं. केस पांढरे झालेत तिचे. चार खडे बोल तयार ठेवले होते. शाळेचं नाव घेतलं, माझं सांगितलं, तर ती गळ्यातच पडली. म्हणाली, “अगं बाई, ती तू होतीस? आवाजावरून मला वाटायचं, कोणीतरी आजोबा शिकतायत. म्हटलं, म्हाताऱ्याला जरा जपूनच सोडावं.”
सूड नंतर. उद्यापासून गुळण्या.