पोचा माझा, करंट तुमचा

बाबा,

तुमच्या संध्येच्या पाटाची घोर विटंबना झाली आहे आणि ती तुमच्या धर्मपत्नीच्या हातून झाली आहे, अशी तक्रार मी तुमच्याकडे रीतसर नोंदवतो. ज्या पाटावर बसून तुम्ही जन्मभर जप केलात, ज्यावर मी एकदा पाय ठेवला म्हणून मला साऱ्या विभक्त्या पहिल्यापासून म्हणाव्या लागल्या, तो पाट काल नागभीडच्या घरी कूलरपुढे पडलेला दिसला. ओला. आणि त्यावर रबरी चप्पल घालून आई उभी, कूलरच्या टाकीत बादली ओतत. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "पाटावर उभं राह्यलं का नाई मारत. लाकूड हाये ना ते." काय नाही मारत? "करंट. काऊन एवढा घाबरून राह्यला? कूलर म्हटला का थोडासा मारणारच. शेजारीनचा तर याच्याहून जोरानं मारते." होळीपासून हे चाललं होतं. रोज संध्याकाळी मी चंद्रपूरहून फोन करून विचारायचो, हवा थंड येते का? ती म्हणायची, थंड येते. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आता आजची हकीकत ऐका. ती सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. हा कूलर मीच घेतला होता, पोळ्याच्या सुमारास, इथल्याच बाजारात. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे शहाणा माणूस कूलर पावसाळ्यात घेतो, तेव्हा दुकानदार भाव पाडतो. मग तो जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायचा आणि होळी झाली की सोडायचा. शहाणपणाची मेख अशी की दोष कळतो तो सात-आठ महिन्यांनी. सकाळी मी तो हातगाडीवर घातला आणि दुकानात नेऊन उभा केला. रविवारची गर्दी होती. दुकानदार ओळखीचा, नमस्कार केला आणि लगेच बिलाच्या तळाशी बोट ठेवलं. "गुरुजी, सेलचा माल हाये. छापूनच हाये, विकलेला माल वापस होत नाई."

इथे मला मार्कंड्याची जत्रा आठवली. तुम्ही घासाघीस करून आईसाठी पाण्याचा पितळी गुंड घेता, वैनगंगेवर भरून पाहता, तर बुडातून टिपटिप पाणी. भांडीवाला हाकेच्या अंतरावर बसलेला दिसतो आहे. मी म्हणतो, परत देऊ. तुम्ही माझ्याकडे असं पाहता की जणू मी देवळातला नंदी परत द्या म्हटलं. "भाव पाडून घेतला ना आपण? मग आता कोणत्या तोंडानं जायचं?" गुंड घरी आला आणि आईनं त्यात जन्मभर तांदूळ ठेवले. बाबा, तो तुमचा सिद्धान्त नव्हता, पूर्वपक्ष होता. उत्तरपक्ष मी आज मांडला.

मी म्हटलं, "भाऊ, सूट तुम्ही किमतीत दिली का करंटमध्ये?" गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. "घेताना तुम्ही सांगितलं होतं, मागच्या पत्र्याला पोचा हाये म्हणून अजून कमी लावतो. त्या पोच्यावर मी अक्षर बोलणार नाई. पोचा माझा, करंट तुमचा. तो तुम्ही सांगितला नव्हता." तो म्हणाला, कंपनीले फोन लावा. मी म्हटलं, "कंपनीले मी ओळखत नाई. पैसे तुमच्या हातात दिले." मग त्यानं शेवटचं अस्त्र काढलं, "इतके महिने काय करून राह्यले होते?" मी म्हटलं, "श्रावणात कूलर लावून बसलो असतो तर तुम्हीच येड्यात काढलं असतं. बिल एका वर्षाच्या वॉरंटीचं हाये आणि तळाशी काही छापलं म्हणून बिघडलेल्या मालाची जबाबदारी जात नाई. ग्राहक आयोगात तक्रार माणूस स्वतः लिहू शकतो, वकील लागत नाई, आणि मले लिहिण्याची भारी हौस हाये." शेजारी एक बाई पंखा घेत होत्या. त्या म्हणाल्या, "आमचा बी मारते. आम्ही तं गोणपाट टाकतो पायाखाली." गर्दी हसली. मी कूलरची पिन त्याच्याच बोर्डात घातली आणि म्हटलं, "एक काम करा. चप्पल काढा अन् पत्र्याले हात लावा. तुम्ही लावला तर मी हा गपचूप घरी नेतो."

बाबा, काय सांगू! त्यानं पत्र्याकडे पाहिलं, स्वतःच्या चपलेकडे पाहिलं, आणि पुढे झुकून आधी बटन बंद केलं. "बसा ना गुरुजी. चहा घेता?" चहा येईपर्यंत मेकॅनिक आला. त्यानं टेस्टर लावला तर तो झगझगीत पेटला. मोटरची वायर आत सोलवटून पत्र्याला लागली होती, म्हणजे दोष कारखान्यातलाच. नवा कूलर मिळाला, पोचा नसलेला. मी तो मिरवणुकीसारखा आणला. वाटेत दोघांनी विचारलं, नवीन घेतला का? मी म्हटलं, नाही, जिंकला. आणि त्या पंख्यावाल्या बाई माझ्यामागून दुकानदाराला सांगत होत्या, "आमचा बी आणू का उद्या?"

आता तो सुरू आहे. आई समोर बसली आहे, अनवाणी, पदर सैल सोडून. मी विचारलं, कसा आहे? "चांगला हाये. पहिलाबी चांगलाच होता, तूच उगाच भांडला." ती चंद्रपूरला यायला तयार नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

इथवर लिहिलेलं सगळं मी तिला वाचून दाखवू शकतो. पुढचं नाही, आणि तुम्ही गेलात तिथला पत्ताही माझ्याकडे नाही. कूलर बोलतो तरी, हाताला झटका देऊन सांगतो. तिचं काय दुखतंय, रात्री दम लागतो का, गोळ्या घेते का, हे मी रोज फोनवर विचारतो आणि ती "ठीक हाये" म्हणते. उद्या सकाळच्या गाडीनं मी परत जाणार. बाबा, मला भीती वाटते.