दहापैकी चार

प्रिय खारूताई,

तुझं पार्सल परवा मिळालं. पाच वह्या, त्यांच्याभोवती तुझ्या बाबांच्या हत्यारांच्या पेटीत असायची तसली काळी चिकटपट्टी, आणि आत तुझी चार ओळींची चिठ्ठी. ती मी चष्मा लावून वाचली, काढून वाचली, पुन्हा लावून वाचली. तू लिहिलं आहेस की यातलं तुला काही नको, ठेवायचं तर ठेवा नाहीतर रद्दीत घाला. बाबांनी त्या दिवशी आधी तुला फोन केला आणि तू पिक्चर बघत बसली होतीस, तेव्हा आता कुठलाच पिक्चर नको आणि कुणाचं मतही नको. काल वहिनींचा फोन आला. त्या म्हणाल्या, तू आंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत नेतेस, तो चालू आहे ना हे बघायला दर तासाला त्यांनाच एक रिंग द्यायला लावतेस, आणि कामावर फोन बाहेर ठेवावा लागतो म्हणून प्रयोगशाळेतली नोकरीही सोडलीस. सात महिने झाले आणि पोर दिवसेंदिवस वाळत चालली आहे, असं म्हणून त्या रडायला लागल्या. मी नुसता हो हो करत राहिलो. फोन ठेवल्यावर दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि हे लिहायला बसलो. मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल. तुझे बाबा म्हणायचेच, भिंग्याचं मत पिक्चरपेक्षा लांब असतं.

वह्या मी रद्दीत घातलेल्या नाहीत. पहिली उघडली तर पहिल्याच पानावर तुझ्या दातांच्या खुणा. तू तेव्हा पाच वर्षांची असशील. दर रविवारी सकाळी अकराला मी शटर अर्धं खाली घ्यायचो, डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता उतरवून त्याच खिळ्यावर पांढरी चादर लावायचो, आणि आपलं मंडळ जमायचं. तुझे बाबा, मी, समोरच्या औषधाच्या दुकानातला कंपाउंडर, आणि ते निवृत्त हेडमास्तर, जे दर भुताच्या पिक्चरला नेमके भूत यायच्या आधी झोपायचे आणि नंतर सगळ्यांत जोरात मत द्यायचे. तू तपासणीच्या उंच खुर्चीखाली शेंगदाण्यांची पुडी घेऊन बसायचीस, म्हणून तर खारूताई. पिक्चर संपला की कुणी एक अक्षर बोलायचं नाही, आधी वहीत मत लिहायचं, खाली दहापैकी गुण द्यायचे, मग भांडायचं. हा नियम माझाच. एकदा बोलायला तोंड उघडलं की माणसं एकमेकांची मतं उचलतात, आणि गुण एकदा दिले की बदलायचे नाहीत हाही माझाच नियम. वहीभर माझे दोन, तीन, साडेतीन पसरलेत बघ. तुझ्या बाबांनी सहाच्या खाली कुणाला सोडलेलंच नाही. रबराचा हात दोरीने ओढलेला स्पष्ट दिसतोय, आणि हा लिहितो, 'हात बनवणाऱ्याने मेहनत घेतली आहे. सात.'

आणि ती अवकाशयानाची मालिका! तिसरी वही सगळी तिनेच खाल्ली आहे. तुला आठवत असेल, यानावर ते काहीतरी शिरलेलं असतं, जे माणसांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतं. शेवटच्या भागात यानाचा मिस्त्री बाहेर दुरुस्तीला गेलेला असतो, आणि अचानक दारावर थापा पडायला लागतात. आवाज त्याचाच. दार उघडा, हवा संपत आली, असं तो ओरडतोय, आणि आतले सगळे कप्तानाच्या तोंडाकडे बघतायत. भाग तिथेच संपला, आणि पुढचा भाग कधी आलाच नाही, मालिकाच बंद पडली. मग काय, आम्हाला अकरा वर्षं पुरेल एवढं भांडण मिळालं. माझं म्हणणं, दार उघडायचं नाही. नऊ कारणं दिली होती मी, क्रमांक घालून. थापांच्या मधलं अंतर फार सारखं आहे, हवा संपलेला माणूस एवढं मोठ्याने ओरडत नाही, वगैरे. तुझ्या बाबांनी माझ्या नऊ कारणांखाली एकच ओळ लिहिली, 'उघडायचं. फसलो तर फसलो.' त्या दिवसापासून मी त्याला चिडवायला कप्तान म्हणायला लागलो, की बाबा रे, तुझ्या हातात यान दिलं तर पहिल्याच थापेला सगळे मरतील. तो हसायचा आणि म्हणायचा, मरू, पण आपला माणूस बाहेर होता का हे तरी कळेल.

मला कुठलाच पिक्चर घाबरवू शकत नाही याचा मला भारी तोरा होता. सगळे दचकायच्या आधीच मी शेजारच्याच्या कानात सांगायचो, आरशात आता मागे बाई दिसणार बघ. तीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत आलो, हे स्पष्ट की ते स्पष्ट, म्हणून मला वाटायचं की आपल्याला फसवणं सोपं नाही. तुझ्या बाबांनी तेच मनावर घेतलं, आणि त्यातून तो फोनचा खेळ निघाला. केव्हाही, कामाच्या मध्ये, तो मला फोन करायचा आणि घाबरल्याचं सोंग आणायचा. मी ऐकायचं, गुण द्यायचे आणि ठेवायचं. ठेवल्यावर त्याने पुन्हा फोन करायचा नाही, केलाच तर मी घ्यायचा नाही, नाहीतर तो गुणांसाठी घासाघीस करत बसायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे त्याची भुतं बहुतेक लिफ्टमधलीच. कधी बंद लिफ्टमध्ये शेजारी कुणीतरी उभं आहे, कधी नसलेल्या मजल्यावर दार उघडलंय, कधी वरून काहीतरी खाली उतरतंय. हे सगळं मी एका छोट्या वहीत टिपून ठेवायचो, ती माझ्या ड्रॉवरमध्ये काचा पुसायच्या फडक्यांखाली असते. ती तू पाहिलेली नाहीस. बावीस वर्षांत सहाच्या वर मी त्याला एकदाच दिले, तेही त्याच्या वाढदिवसाला.

एकदा तू समोर असतानाच त्याने मला फोन केला होता. तू आठ वर्षांची. तो तुमच्या गच्चीवरून बोलत होता आणि मी खाली तुमच्याच स्वयंपाकघरात वहिनींच्या हातचा चहा पीत होतो. मी म्हटलं तीन, आणि फोन ठेवला. तो हसत हसत खाली आला. तू तेव्हा माझ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघून विचारलंस, की बाबांना खरंच काही झालं तर काकांना कसं कळणार. आम्ही दोघं इतके हसलो की वहिनी रागावल्या. तुझ्या बाबांनी तुला उचलून खांद्यावर घेतलं आणि सांगितलं, तुझ्या काकाला कळतं गं, त्याची नजर बारीक आहे. हे तुला आठवतं का, मला माहीत नाही. आठवत नसेल तर बरं, असं मला सात महिने वाटत होतं.

आता त्या रविवारचं. त्या आठवड्यात मंडळ भरलं नाही, कारण हेडमास्तरांचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तुला त्या पिक्चरला मीच पाठवलं हे तुझ्या लक्षात असेलच. विहिरीतल्या बाईचा तो पिक्चर मी आदल्या दिवशी बघून आलो होतो, आयुष्यात प्रथमच एखाद्याला आठ दिले होते, आणि तुला लिहिलं होतं की दुपारचा खेळ बघ आणि फोन पूर्ण बंद ठेव, मध्ये उजेड पडला तर सगळी मजा जाते. तू माझं ऐकलंस. तुझ्या बाबांना त्या रिकाम्या ऑफिसच्या इमारतीतून वॉचमनचा निरोप आला, की लिफ्ट खाली येताना घासल्यासारखा आवाज करते. सुट्टीच्या दिवशी एकट्याने लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरू नये हे तो दुसऱ्यांना शिकवायचा. पण सोमवारी सकाळी लोक चढतील, म्हणून तो गेला आणि खाली उतरला. लिफ्ट हातभर खाली सरकली आणि तो कमरेपासून तिच्याखाली अडकला. वॉचमन फाटकाशी होता, त्याला संध्याकाळी सहाला दिवा लावायला आत गेल्यावर कळलं. अडकल्यावर तासभर तरी तो जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले. हे तुला माहीत आहे. तीन वाजून बारा मिनिटांनी त्याने तुला फोन केला आणि तुझा बंद होता, हेही तुला माहीत आहे, आणि सात महिने तू तेवढ्याच एका आकड्यावर बसून आहेस.

त्यानंतर तीन चौदाला त्याने मला फोन केला, हे पोलिसांनी तुला सांगितलं होतं. बोलणं एक्केचाळीस सेकंद. तू दवाखान्याच्या पायऱ्यांवर मला विचारलंस, काका, बाबा काय म्हणाले. मी म्हटलं, नुसती खरखर होती, खड्ड्यात रेंज नसते, मला काहीच ऐकू आलं नाही. पोलिसांनाही तेच सांगितलं. नंतरच्या दोन फोनांचं विचारलं तेव्हा म्हटलं, चहाला गेलो होतो, फोन दुकानातच राहिला. सगळ्यांनी मान डोलावली. तू तर माझा हात धरून मलाच धीर दिलास की काका, तुमचा काय दोष, तुम्ही निदान उचलला तरी. त्या तुझ्या हाताचा मला अजून चटका बसतो. मी दुकान उघडतो, लोकांना विचारतो हे स्पष्ट की ते स्पष्ट, आणि ते काय सांगतात ते माझ्या डोक्यात शिरत नाही. परवा एका आजोबांना चुकीचा नंबर दिला. मंडळ मी बंद केलं. तुझ्या तिसऱ्या वहीत मात्र काल एक गोष्ट केली, माझा नियम मोडून. त्या दाराबद्दलची माझी नऊ कारणं खोडली आणि तुझ्या बाबांच्या ओळीखाली सही केली. एवढ्याने काही होत नाही हे मला कळतं.

खारूताई, त्याचा फोन लागला तो मलाच. आणि मला सगळं ऐकू आलं होतं. आवाज स्वच्छ होता. तो म्हणाला, अडकलोय, वरून खाली येतंय, ये लवकर, कुणाला तरी घेऊन ये. मध्ये मध्ये थांबत होता, दम ओढत होता. मी ड्रॉवर उघडून वही काढली. त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं, आणि मग मी त्याला गुण सांगितले. तो म्हणाला, नाही रे, ऐक. मी हसून फोन ठेवला. तीन सोळाला वाजला, तीन एकवीसला वाजला. मी समोर बसून तो वाजताना बघत होतो, आणि मला गंमत वाटत होती. माझ्या दुकानापासून ती इमारत चालत सात मिनिटांवर आहे. तुझा फोन चालू असता तर तू धावली असतीस. माझा चालू होता. म्हणून हे पत्र लिहिलं, माफीसाठी नाही, ती मागायला मला तोंड नाही. तू स्वतःला जी शिक्षा देते आहेस ती माझी आहे, ती मला परत दे. तो फोन पिशवीतून काढून कपाटावर ठेव आणि नोकरीवर जा. पोलिस ठाण्यात जाऊन मी जबाब बदलून येणार आहे, वहिनींना तू सांग किंवा मी येऊन सांगतो, तू म्हणशील तसं. तुला वाटेल म्हातारा तुझं मन हलकं करायला काहीतरी रचतोय, म्हणून त्या छोट्या वहीतलं पान फाडून सोबत ठेवलं आहे. अक्षर माझंच आहे, तारीख बघ, वेळ बघ. 'कप्तान. लिफ्टचा खड्डा, पुन्हा तेच. श्वास फार ओढून आणलेला, खरा वाटत नाही. दहापैकी चार.'

ज्याला कळेल असं तुझ्या बाबांनी तुला सांगितलं होतं, तो,
तुझाच
भिंगकाका