सृष्टिसौंदर्य, व्हाया आडवाट

शनिवार, २ फेब्रुवारी
आजपासून हायवे बंद. कायमचा. हायवेवर दिसतं काय? पुढच्या ट्रकचं बूड. खरं सृष्टिसौंदर्य आडवाटेला असतं, आणि आडवाटा माझ्याइतक्या कुणाला माहीत असणार! रस्ते खात्यात नकाशे काढण्यात एकवीस वर्षं गेली. अख्ख्या जिल्ह्यात असा रस्ता नाही ज्यावरून माझं पेन गेलेलं नाही. मी स्वतः गेलो नसेन, ते वेगळं.
संकल्प: दर रविवारी एक नवी आडवाट. प्रत्येक देखाव्याची या वहीत नोंद. वर्षाअखेर पुस्तक. प्रस्तावना स्वतःच लिहावी, दुसरा अधिकारी माणूस डोळ्यासमोर येत नाही.
बायकोला सांगितलं. म्हणाली, आधी मागचा टायर बघून घ्या. सौंदर्यदृष्टी सगळ्यांना नसते.

रविवार, ३ फेब्रुवारी, दुपारी ४
पहिली आडवाट. कचरा डेपोपाशी संपली. देखावा म्हणाल तर डोंगर होता. कचऱ्याचा, पण उंची चांगली. वर घिरट्या घालणारे पक्षीही पुष्कळ. नोंद केली: 'पक्षीनिरीक्षणास उत्तम.' बायको घर येईपर्यंत नाकाला रुमाल लावून होती. भारावली असावी.

सोमवार, ४ फेब्रुवारी
ऑफिसात मला 'आडवाट' म्हणायला लागलेत असं कळलं. चला, ओळख निर्माण होतेय.

रविवार, १० फेब्रुवारी
दुसरी आडवाट. एका अंगणात शिरली. घरमालकीण कपडे वाळत घालत होती. तिला शांतपणे समजावलं की नकाशाप्रमाणे तिचं अंगण हा सार्वजनिक रस्ता आहे. तिनं हातातली ओली चादर माझ्या तोंडासमोर अशी काही झटकली की चष्मा पुसावा लागला. नंतर सव्वा किलोमीटर रिव्हर्स. मान आखडली. देखावे दिसले, पण उलट्या क्रमानं.
टायर बघायचा राहिला.

बुधवार, १३ फेब्रुवारी
बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, परदेशात मुलाकडे चालल्या. कायमच्या. रविवारी साडेतीनला त्यांची टॅक्सी निघणार. आई गेल्यावर बायकोला ताईंनीच वाढवलं, वेणी घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत. ताईंचे गुडघे असे की पुन्हा इकडे येणं होईलसं वाटत नाही. बायको महिनाभर त्यांच्यासाठी स्वेटर विणतेय. आज विणता विणता थांबली आणि म्हणाली, अहो, या रविवारी तेवढं हायवेनं जायचं. दोन तासांत पोचतो.
मी म्हटलं, अर्थात! शब्द दिला. मी माणूस आहे, राक्षस नाही.

शनिवार, १६ फेब्रुवारी
नकाशा उघडला. सहज.
हायवे सोडून डावीकडे तळ्याकाठानं एक सुरेख रस्ता जातो. नऊ किलोमीटर वाचतात! म्हणजे ही आडवाट नव्हेच, शॉर्टकट आहे. दिलेला शब्द मोडल्यासारखं होत नाही. बायकोला आधी सांगून उगाच टेन्शन देत नाही. सरप्राइज.

रविवार, १७ फेब्रुवारी, दुपारी १:४०, गाडीत
साडेअकराला निघालो. साडेबाराला डावीकडे वळलो. बायको म्हणाली, अहो, हायवे सरळ आहे. मी नुसता गालात हसलो.
सध्या थांबलो आहोत. रस्ता आहे, फक्त पुढे नाही. पुढे बंद पडलेली दगडखाण आहे. मोबाईलला रेंज नाही. खाणीचा वॉचमन म्हणतो, हा रस्ता नुसता कागदावर आहे, दर महिन्याला कुणीतरी येऊन फसतं आणि नकाशा काढणाऱ्याच्या नावानं बोटं मोडून परत जातं. मीही मोडली.
मग आठवलं. सात वर्षांपूर्वी हा रस्ता होणार होता. व्हायच्या रस्त्याला तुटक रेघ काढायची असते. पण तळ्याकाठी तुटक रेघ अगदीच भिकार दिसत होती, म्हणून मी अखंड ओढली. साहेबांनी त्या नकाशाचं कौतुक केलं होतं.
बायकोला हे सांगितलं नाही. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

दुपारी २:५०, तिथेच
गाडी वळवताना मागचा टायर फाटला. स्टेपनीत हवा नाही. वॉचमन सायकलवरून पंप आणायला गेलाय. मी नकाशावर परतीचा आणखी जवळचा रस्ता शोधतोय. बायको म्हणाली, शोधू नका, हात जोडते.

संध्याकाळी ५:१५, ताईंच्या दारात
कुलूप.
हायवेला लागल्यावर रेंज आली. फोन लागला तेव्हा ताई टॅक्सीत बसून निघाल्या होत्या. बायकोनं आडवाटेचं सांगितलं, मग दोघी बहिणी नुसत्या फोन कानाला धरून होत्या. तरी बायको म्हणाली, घरापर्यंत जाऊ. शेजारीण सांगत होती, ताई पावणेचारपर्यंत फाटकात उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. शेवटी टॅक्सीवाला चिडला.
बायको पायरीवर बसलीय. मांडीवर स्वेटर. रडत नाही. रडली असती तर बरं झालं असतं, समजूत घालणं मला जमतं.

सोमवार, १८ फेब्रुवारी
घरात कमालीची शांतता. लिखाणाला पोषक. खात्याला कडक पत्र लिहिलं: सात वर्षं उलटूनही नकाशाबरहुकूम रस्ता झालेला नाही, जबाबदारी निश्चित करावी. खाली सही करायची की नाही यावर विचार चालू आहे.

बुधवार, २० फेब्रुवारी, संध्याकाळी ७
ताईंचा फोन आला. सुखरूप पोचल्या. बायकोला म्हणाल्या, आधी भाऊजींना दे. मी कंबर कसून उभा राहिलो. पण ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, भाऊजी, त्या रस्त्यानं काय पाहिलंत ते तरी सांगा.
मी सांगायला तोंड उघडलं. काही आठवेना. वही चाळली. तीत वेळा होत्या, किलोमीटर होते. तीन तास मी नकाशातच डोकं घालून होतो.
बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, ताई, मी सांगते. खाणीच्या खड्ड्यात पाणी साठलं होतं, हिरवंगार. काठाला एक झाड, पान एकही नाही, नुसती लाल फुलं. मग पांढरे पक्षी आले, सगळे एकदम पाण्यावर उतरले. इतकं छान होतं ताई, इतका राग आला होता मला, आणि तरी वाटलं, हे तुला दाखवावं.
आता मात्र ती रडत होती.
मी घाईनं पेन उघडलं. हळूच विचारलं, पक्षी साधारण किती?
तिनं माझ्याकडे पाहिलं, फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.
पाऊण तास झाला. आतून बोलण्याचा आवाज येतोय, शब्द कळत नाहीत.