बहात्तरच्या आत

६ जानेवारी, मंगळवार

एकोणऐंशी किलो सहाशे ग्रॅम! हे मला माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीने सांगितलं. टीव्हीला जोडलेली एक पांढरी पाटी आहे, तिच्यावर उभं राहायचं. मी उभी राहिले आणि पडद्यावरची माझी बाहुली टम्म फुगली. वर गाल फुगवून "अरे बापरे" असा आवाज! भाची हसून लोळली. म्हणे, "आत्या, ते सगळ्यांनाच तसं करतं." करत असेल. मला नाही चालत.

हा व्यायामाचा खेळ तिनेच आणून जोडला. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. किडनी माझीच जुळते. भावजयीला मधुमेह, भाची लहान. डॉक्टर म्हणाले, बाकी तपासण्या उत्तम, पण वजन बहात्तरच्या आत आणा, त्याशिवाय टेबलावर घेणार नाही. म्हणजे त्याचा जीव आता माझ्या कमरेच्या घेराला टांगलेला!

रोज चालायला जा म्हणतात. मी नाही जाणार. पंचवीस वर्षं मी या बाजारातल्या दुकानदारांचे काटे तपासते आहे. वजनमापे निरीक्षक धापा टाकत चाललीय, हे त्यांना फुकटात बघायला मिळणार नाही.

७ जानेवारी

मांड्या! बसले तर उठवत नाही, उठले तर बसवत नाही.

११ जानेवारी, रविवार

पडद्यावरच्या शिकवणाऱ्या बाईचं मला डोकं उठतं. घाम नाही, पोट नाही, वय नाही. "छान! अप्रतिम!" आज मुद्दाम सोफ्यावर बसून हातातली खेळाची कांडी नुसती हलवली. तरी "अप्रतिम!" असल्या बाईला आमच्या खात्यात कुणी शिपाई म्हणूनही घेणार नाही.

पाटीवर तर माझा काडीचा विश्वास नव्हता. शुक्रवारी ऑफिसातून वीस किलोचं शिक्क्याचं वजन गाडीत घालून आणलं. पाटीवर ठेवलं. वीस किलो. उचलून पुन्हा ठेवलं. वीस किलो, वर एक ग्रॅम नाही. अख्ख्या बाजारात असा एक काटा निघत नाही आणि हे खेळणं प्रामाणिक निघालं! म्हणजे ते एकोणऐंशी सहाशे माझेच.

१९ जानेवारी, सोमवार

७७.८. भाऊ येऊन बसला होता. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, जीभ मात्र शाबूत. मी पडद्यावरच्या बाईबरोबर एका पायावर उभी, आणि हा म्हणतो, "ताई, खालच्या मजल्यावरच्यांना आधी कळवलंयस ना?" लहानपणापासून हाच उद्योग. आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा हा पाहुण्यासारखा यायचा, दोन विनोद करायचा आणि जायचा. आई हसायची! चादरी मी बदलायच्या.

आता किडनीही मीच द्यायची.

२ फेब्रुवारी, सोमवार

७५.९. भावजयीचा फोन. "वन्सं, तुम्ही म्हणजे देवासारख्या धावून आलात हो!" लग्न होऊन आली तेव्हापासून ही माझ्या पाठीमागे मला 'काटेवाली' म्हणते, मला माहीत आहे. देवपण किती दिवस टिकतं ते बघू.

१४ फेब्रुवारी, शनिवार

७४.१. आज उड्या. पडद्यावर बर्फाचा डोंगर, मी त्यावरून घसरते, मग उडी! तिसऱ्या उडीला खालचे शिंपी वर आले. दारात उभे राहून फार अदबीने म्हणाले, "मॅडम, तुम्ही उडी मारली की माझी टीप वाकडी जाते." मी म्हटलं, "मग मी खाली उतरायच्या आत टाका घाला." बिचारे विचार करत गेले.

कपडे सैल झाले आहेत. ऑफिसात कारकून म्हणाला, मॅडम, आजारी होता का? मूर्ख.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

७२.४. सर्जनने समोर बसवून कागदावर चित्र काढलं. इथून चीर, इथून बाहेर काढायची, इथे टाके. पेन दाबून काढत होता, कागद फाटला. "काही शंका?" मी म्हटलं, नाही. गाडीत बसल्यावर किल्ली लागेना.

२७ फेब्रुवारी

वजन तसंच. पाटी बिघडली असावी.

२ मार्च

वजन तसंच.

५ मार्च, गुरुवार

इथे तरी खरं लिहावं.

गेल्या शुक्रवारी पाटीवर उभी राहिले — ७१.८. बाहुली एकदम बारीक झाली आणि टाळ्या वाजवत नाचली. मी टीव्ही बंद केला. कुणाला सांगितलं नाही. भाची विचारते, मी म्हणते अजून दोन किलो राहिलेत गं.

काल हॉस्पिटलात वजन होतं. स्वेटरच्या दोन खिशांत एकेक किलोची लोखंडी वजनं टाकली आणि काट्यावर चढले. आमच्याच खात्याच्या शिक्क्याची! नोंद झाली त्र्याहत्तर सहाशे. नोंद करणारी मुलगी मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसलेली. असल्या बेपर्वाईबद्दल मी लोकांच्या दुकानांना टाळं लावलं आहे. तराजूखाली लोहचुंबक चिकटवणारा तो किराणावाला पकडला तेव्हा निदान घामाघूम तरी झाला होता. मी शांतपणे उतरले, थँक्यू म्हटलं, बाहेर आले.

मी घाबरले आहे. बाकी सगळी कारणं आहेत — चादरी, टोमणे, काटेवाली — पण खरं हे. मला तो चिरलेला कागद दिसतो. माझ्या अंगाला आजवर सुरी लागलेली नाही. मला मरायचं नाही. आणि हे तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून मी लोखंड खिशात घालते.

बाजारातला सगळ्यात लबाड माणूस सध्या माझ्या घरी राहतो.

८ मार्च

७१.५. खेळणं सोडवत नाही. का, कुणास ठाऊक.

१५ मार्च, रविवार

भाऊ आला, एकटाच. दोन जिने चढायला त्याला पाव तास लागला. मी चहा ठेवायला आत गेले, टीव्ही चालूच राहिला. त्याला दिवसाचं पाणी मोजून असतं, म्हणून अर्धा कप. बाहेर आले तर हा रिमोट हातात घेऊन पडद्यासमोर उभा. पडद्यावर माझा आलेख. बहात्तरवर भाचीने आखलेली तांबडी रेघ, आणि माझे सोळा दिवसांचे ठिपके सगळे तिच्याखाली.

मी कप घेऊन तशीच उभी. तो रेघेवर बोट ठेवून ठिपके बघत होता. मला वाटलं, आता टोमणा येणार. यावा, असं वाटलं.

"ताई, नाही ना हलत वजन?" माझ्याकडे न बघता म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

"मग नको ओढाताण करूस. घरी मी सांगतो. ताईने जिवाचं रान केलं, पण नाही उतरलं. तुला कुणी एक शब्द बोलणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

आणि टीव्ही बंद केला. चहा प्यायला. बरा झालाय म्हणाला. उतरताना कठडा धरून दोनदा थांबला, मी वरून बघत होते. वर बघून त्याने हात हलवला.

१६ मार्च

हॉस्पिटल उघडल्याबरोबर फोन केला. म्हटलं, चार तारखेची नोंद खोटी आहे, ती मीच केली. वजन एकाहत्तर दोनशे. तारीख द्या.