तिरकी पेशी

५ जानेवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

मी नेमकं काय करते ते शेजाऱ्यांना सांगता येत नाही, ही तुमची तक्रार पोचली. सांगा, मुलगी कृत्रिम पेशी बांधते. डोळ्यांना न दिसणारा बुडबुडा घ्यायचा आणि त्याच्या आत प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा उभा करायचा. मग तो आपणहून आकार बदलतो, पुढे सरकतो. निदान सरकायला हवा. माझा सांगाडा रोज भुईसपाट!

चित्रफीत मागितलीत, पण कोसळलेल्या पेशी काय दाखवू? अर्धवट खुर्चीवर तुम्ही चादर टाकायचात, आईलासुद्धा बघू द्यायचा नाहीत. मी त्याच सुताराची मुलगी. जमली की पाठवते.

आईला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नका.

तुमचं,
शेंडेफळ

२० मार्च

चि. शेंडेफळास, अ. उ. आ.

इकडे सगळं क्षेम. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात, हसू नकोस. पेनच भिकार आहे. हल्ली रंधा फारसा हातात घेत नाही, कंटाळा येतो.

पेशीचं कुठवर आलं? पडकी तर पडकी, एखादी पाठव, असं आईचं म्हणणं. मी तिला गप्प केलं. कारागिराच्या मागे घाई लावू नये.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहेच.

बाबा

११ ऑगस्ट

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

जमली! सांगाडा टिकला, बुडबुडा एका बाजूने फुगला आणि चक्क पुढे सरकला. प्रयोगशाळेत आम्ही वेड्यासारखे नाचलो. मे महिन्यातही एक उभी राहिली होती, पण तिरकी, म्हणून पाठवली नाही.

फीत पेनड्राइव्हवर आहे. मोठ्या पडद्यावर लावा आणि खोट काढून दाखवाच! आशीर्वाद असू द्यावेत.

तुमचं,
शेंडेफळ

२ सप्टेंबर

चि. शेंडेफळास, अ. उ. आ.

अक्षर आईचं, शब्द माझे. माझी नजर जाणार, हे डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. मे महिन्यात अंधुक दिसत होतं, जूनमध्ये तेही गेलं. तुझ्या कामात खोळंबा नको म्हणून कळवलं नाही. माझा शहाणपणा मलाच नडला.

फीत आईने लावली. काय दिसतंय ते तिने पुन्हा पुन्हा सांगितलं, दर वेळी वेगळंच. शेवटी तिला रडू फुटलं, तेव्हा मी समजल्यासारखं केलं. तू जिंकलीस, मला आनंद आहे. खरंच आहे.

ती तिरकी मला दिसली असती गं.

सवड काढून ये. आशीर्वाद आहेतच.

बाबा

ता. क. तिरकीचं वाक्य खोड म्हणाले. मी खोडलं नाही.
आई