गोकुळच्या गाडीचे ब्रेक

पुष्पांजली,

तू देवळातून येईपर्यंत मी निघालो असेन. अकरा वाजता शेगावचं गिऱ्हाईक येईन. त्याले चहा दे अन् सांग, गोकुळची स्पोर्ट्स कार आता विकायची नाही.

काऊन, ते ऐक. काल वर्कशॉपमधल्या पोरीचा फोन आला. म्हणे, "तुमच्या भावाचा फोन लागत नाही. त्यांनी सकाळी विचारलं होतं, ब्रेक पॅड बदलले तर वॉरंटी जाते का? कंपनीचेच टाकले तर जात नाही, सांगा त्यांना." मी म्हटलं, "ताई, गोकुळ डेंग्यूनं जाऊन चार महिने झाले." तिनं फोन ठेवला.

तुले माहीत आहे, त्यानं इंजिनले कधी हात लावला नाही. नुसता एअर फिल्टर अन् चांगले टायर टाकले. पॅड राहून गेले, कारण मीच म्हटलं होतं, "राहू दे बे, वॉरंटी जाईन."

आज सकाळी शेडचं कुलूप मीच उघडलं, किल्ली माझ्याजवळच राहते. चारही चाकांले नवे पॅड लागले होते. काढलेले पॅड पेपरवर ओळीनं मांडले होते.

राजूरच्या घाटात चालवून पाहिली. वळणावर एकदम ट्रक समोर आला. मी इतका घाबरलो की पाय ब्रेकवर गेलाच नाही. तरी गाडी हातभर अलीकडं उभी राहिली.

मायले यातलं काही सांगू नको. मी याच गाडीनं त्या पोरीले भेटायले जाऊन राह्यलो, गोकुळ अजून काय बोलला ते विचारतो. बाजूच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावलेला आहे. मी तो काढला नाही.

भागवत