महरीनचं पान

प्रिय महरीनचे अब्बा,

लग्नानंतर वर्षभर तुम्हाला हाक कशी मारावी हेच मला कळत नव्हतं. मग महरीन झाली आणि माझी सोय झाली. ती गेली, पण दुसरं नाव तोंडात बसत नाही, म्हणून हेच लिहिलं. इकडे बरं आहे. तुम्ही लावलेल्या दोन्ही कलमांना मोहोर आलाय. फोनवर सांगण्यासारखंच आहे हे, पण तुमचा आवाज ऐकला की मला पुढचं बोलवत नाही. म्हणून कागद घेतला.

दीपालीबाईंनी शाळेतल्या पोरांना ते मोफत ऑनलाइन ग्रंथालय उघडून दिलं, तेव्हा पोरांपेक्षा तुम्हीच जास्त नाचलात. महरीनच्या नावाचं एकच खातं. इथे टॅबवर जिथे थांबावं, तिथेच दोहाला तुमच्या फोनवर पुस्तक उघडायचं. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की एक पान तुम्ही, एक पान ती. विषम तुमची, सम तिची. कासवाचा आवाज तुम्ही बोक्यासारखा काढायचात आणि ती हसून हसून लोळायची. त्या कासवाच्या गोष्टीतलं एकविसावं, तुमचं पान वाचायचं राहिलं होतं, तेव्हा तिला ताप भरला. आठ दिवसांत सगळं संपलं. तुम्ही पोचलात ते दफन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी. पंधरा दिवस पडवीत बसून राहिलात, तिच्या खोलीत पाऊल टाकलं नाहीत, आणि गेलात. मी थांबा म्हणायला हवं होतं.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाची भांडी आवरून मी तिचा टॅब पुसायला घेतला. पुस्तक उघडलं ते बाविसाव्या पानावर. तोवर इथे टॅबला कुणी हात लावला नव्हता. ते पान तिचं. मी तिच्यासारखं बोट ठेवून मोठ्याने वाचलं आणि पान उलटलं. पुढच्या शुक्रवारी चोविसावं समोर! घरात एकटी राहायची हिंमत होईना, शेजारच्या हौसाला सोबतीला बोलावलं. मग कधीतरी डोक्यात उजेड पडला, की मधलं तेविसावं तुम्ही वाचलंत. तुमचं वाचून तिचं तिच्यासाठी सोडत होतात.

तुम्हाला मात्र मी काही सांगितलं नाही. मागे फोनवर तुम्ही हळूच म्हणालात, शमीम, पोर आपली वाचतेय गो, टॅब बंद पडू देऊ नको. मी बरं म्हटलं. खरं सांगू, मला तुमचा रागच आला. माझी चौकशी दोन वाक्यांत, आणि सगळा जीव त्या पानात. तरी दर शुक्रवारी मी तिचं पान वाचत राहिले. वाचताना माझाच आवाज तिच्यासारखा व्हायचा आणि मी दचकून मागे बघायची. कधी वाटतं, आपण दोघं मिळून तिला निजूच देत नाही आहोत.

परवा तुमचा भाऊ रय्यान सांगत होता, तुम्ही आणखी दोन वर्षांचा करार करताय. घरी आलो तर कबर दिसते, इथे शुक्रवारी महरीन भेटते, असं त्याला म्हणालात. म्हणून हे लिहितेय. पानं मी उलटत होते. महरीन नाही. मला माफ करा. पस्तिसावं तुम्ही वाचलंत, आता एकच उरलंय, आणि ते तिचं आहे. कासव किनाऱ्याला लागलं की नाही, मला माहीत नाही. टॅब चार्ज करून तिच्या गादीवर पालथा ठेवलाय. मला एकटीने ते वाचवणार नाही. तुम्ही घरी या.

तुमचीच,
शमीम